काकांच्या काचेवरचा मोतीबिंदू

(वहिनी, आधी हे वाचा. पाकीट तुम्हीच उघडलं असणार, कारण सोमवारी मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यावर पट्टी आहे. म्हणजे पत्रही तुम्हीच वाचून दाखवणार. तुम्ही शाळेत शिकवता, तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती आहे. तर नियम एकच. कंसाबाहेरचं मोठ्याने वाचायचं, कंसातलं मनात. डॉक्टरांनी तिला सांगितलंय की वाकायचं नाही, रडायचं नाही, शिंकायचं नाही आणि डोक्याला ताण द्यायचा नाही. हे पत्र पूर्ण ऐकलं तर ती यातलं शिंकणं सोडून सगळं करेल. आता सुरू करा.)

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (वहिनी, ही नुसती लिहायची रीत नाही. आज गुरुवार, दुपारचा एक वाजलाय, आणि मी खरोखरच तिच्या टेबलाखाली पालथा पडून लिहितोय. अक्षर त्यामुळे असं चाललंय. उठून नीट बसता येत नाही, कारण उठलो तर पाय टेकावा लागेल आणि पाय कशावर पडेल याची खात्री नाही.)

कशी आहेस? पट्टीखाली खाज येत असेल तर चोळू नकोस. दादा थेंब वेळेवर घालतो का, की बाटली हातात धरून फोनवर बोलत बसतो? तुझी भूक कशी आहे, झोप कशी आहे, वहिनींना फार सूचना देत नाहीस ना? इकडची काळजी करू नकोस. तू सांगितल्याप्रमाणे मी रोज येऊन झाडांना पाणी घालतो. खिडकीतल्या मनीप्लांटला नवीन पान फुटलंय. टपाल सोबत पाठवतोय. तुझा जुना चष्माही त्यातच आहे. तुझ्या टेबलाला मी हात लावलेला नाही.

(लावलाय.)

टेबलाच्या दिव्यावर तू लावलेल्या चारही चिठ्ठ्या अजून जागच्या जागी आहेत. ‘टेबलाला हात लावू नये.’ ‘पंखा लावू नये.’ ‘खिडकी उघडू नये.’ आणि ‘धांदऱ्याने कामाशिवाय इथे थांबू नये.’ पहिल्या तीन चिठ्ठ्या सगळ्या जगासाठी आणि चौथी एकट्या माझ्यासाठी, याचं मला वाईट वाटलं नाही. झाडं त्याच खोलीत आहेत, तेव्हा पाणी घालणं हे काम धरावं, असा अर्थ मी लावला. मंगळवारी उकडत होतं, तरी मी पाणी घातलं आणि लगेच निघालो.

(वहिनी, इथून एक कंस सुरू होतोय, तो लांब आहे. मधल्या वेळात गप्प बसलात तर तिला संशय येईल, म्हणून पान उलटल्यासारखं करा, पाणी प्या, झाडांबद्दल काहीतरी स्वतःच्या मनाचं सांगा.

मंगळवारी मी पंखा लावला. दोनच मिनिटं. शर्ट पाठीला चिकटला होता, दुसरं काही कारण नाही. मागून टक्क असा आवाज आला आणि वळून बघतो तर काकांच्या हेलिकॉप्टरची पुढची काच जमिनीवर.

तुम्ही ते हेलिकॉप्टर शेवटचं पाहिलंत तेव्हा ते दोन अर्ध्या करवंट्यांसारखं होतं. आता ते पूर्ण झालंय, म्हणजे जवळजवळ. समुद्रात अडकलेल्यांना काढायचं लाल-पांढरं हेलिकॉप्टर, काका चालवायचे अगदी तसंच, फक्त अठ्ठेचाळीस पट लहान. काका गेल्यावर मावशीने ते सुट्या भागांचं किट उघडलं आणि तीन वर्षं ते जोडत बसली. तीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवलेल्या बाईची हत्यारं ती, मेण कोरायची सुरी, दातांच्या फटीत जाणारे आकडे, सगळी तिने या कामाला लावली. प्लॅस्टिकच्या फ्रेममधून एकेक भाग कापला, घासला, प्रायमर दिला, रंगवला. आत चालकाच्या जागी काका बसलेत, नारिंगी कपड्यांत, हात दांड्यावर. फक्त त्यांना डोकं नाही. डोकं मटाराच्या दाण्याहून लहान आणि त्याच्यावर काकांची मिशी आणि काकांचं ते अर्धं हसू यायला हवं. अशी अकरा डोकी तिने रंगवली आणि अकराही नापास केली. काड्यापेटीत कापसावर ठेवलीत आणि झाकणावर निकाल लिहिलाय: ‘एक, पिवळं. दोन, पिवळं. तीन, फारच पिवळं.’ असं करत ‘नऊ, तेच आहेत, पण पिवळे. दहा, नको. अकरा, कावीळ.’

तुमच्या डॉक्टरांनी विचारलं ना तिला, आजी, नक्की काय दिसायला हवंय, वाचायला, टीव्ही बघायला? तर म्हणाली, मटाराहून लहान मिशी. त्यांना वाटलं भूल चढली. वहिनी, तिने डोळा उघडून घेतला तो बाराव्या डोक्यासाठी. ते रंगवून झालं की काकांच्या खांद्यांवर बसणार आणि मग वर काच लागणार. म्हणून ती काच तिने नुसती टेकवून ठेवली होती.

हे मला आज कळतंय. मंगळवारी मला काय वाटलं, सांगू? वाटलं, बिचारीला दिसत नाही, चिकटवायची राहून गेली. आपण चिकटवू, खूश होईल. माझ्या बॅगेत चपलेला लावायचा तो झटपट गोंद होता. चार थेंब लावले. काच इतकी घट्ट बसली की मला स्वतःबद्दल आदर वाटला.

अर्ध्या तासाने बघतो तर काच आतून पांढरी. नीट सगळीकडून पांढरी, थंडीत खिडकीवर दव बसतं तशी. पुसायला गेलो तर बाहेरून स्वच्छ. पांढरं आहे ते आत, आणि आत जायला वाट नाही, ती मीच बुजवलीय. आत काका, डोक्याशिवाय, धुक्यात. तिकडे डॉक्टरांनी मावशीच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी इकडे काकांच्या काचेवर तो बसवला. कंस अजून संपलेला नाही, पण तुम्ही एक वाक्य मोठ्याने वाचा, शांतता फार झाली.)

तर अशी एकंदर झाडांची तब्येत आहे.

(पुढे. आता जे लिहितोय ते तिच्या कानावर गेलं तर माझं त्या घरात येणं बंद होईल. मी चिमट्याकडे गेलो.

चिमटा म्हणजे सायकल दुरुस्तीच्या मागे किटचं दुकान आहे तो म्हातारा. चाळीस वर्षांत त्याच्या चिमट्यातून एक भाग निसटलेला नाही अशी त्याची ख्याती, त्यावरून नाव पडलं. सहा वर्षांपूर्वी मॉडेलांच्या प्रदर्शनात मावशीच्या बोटीला दुसरा नंबर देताना तो चारचौघांत म्हणाला होता, ‘बोट फारच स्वच्छ आहे हो बाई, हिला पाणी कधी लागलेलं दिसत नाही.’ गंज नाही, काजळी नाही, मिठाचे डाग नाहीत, असं त्याचं म्हणणं. मावशीचं म्हणणं, घाण करणं ही कला नव्हे, ती कुणालाही जमते. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव काढायचं नाही. नंतर किट आणायला काका जायचे आणि कुठून आणलं ते सांगायचे नाहीत.

बुधवारी सकाळी मी त्याच्यासमोर फोटो ठेवला. त्याने भिंग लावलं.

‘गोंद कुठला?’

‘तो आपला, चपलेचा.’

‘पारदर्शक प्लॅस्टिकला,’ तो म्हणाला, ‘चपलेचा.’ पोलीस जबाब लिहून घेतात त्या आवाजात. मी विचारलं, दुसरी काच मिळेल का. म्हणाला, हे किट बंद होऊन नऊ वर्षं झाली, काच मिळणार नाही, तिच्या बदली तुझं डोकं बसवता आलं असतं पण ते मापात येणार नाही.

मग त्याने समजावलं. मॉडेलचा जो खरा गोंद असतो तो प्लॅस्टिकच वितळवतो, दोन भाग एकमेकांत मुरतात, पुन्हा वेगळे होत नाहीत. माझा गोंद मुरत नाही, वर बसतो, आणि वाळताना वाफ सोडतो. ती वाफ काचेवर जाऊन बसली. पण हाच गोंद खूप गार केला की ठिसूळ होतो. ‘शहाण्यासारखं वागून योग्य गोंद लावला असतास तर आज काही करता आलं नसतं,’ तो म्हणाला. ‘मूर्खपणा केलास म्हणून आशा आहे.’ आणि दुकानाचं शटर ओढून माझ्याबरोबर निघाला. मी नको म्हणालो. वहिनी, मी दोनदा नको म्हणालो, त्याची नोंद असू द्या.

तो मावशीच्या खुर्चीवर बसला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो हेलिकॉप्टरच्या धुराड्यामागे बघत होता. तिथे मावशीने काजळी काढलीय, काळ्या खडूची पूड ब्रशच्या टोकाने, मागे मागे विरळ होत गेलेली. पोटाखाली मिठाचे ओघळ. दाराच्या कडेला, जिथे माणसं आत ओढताना बूट घासतात, तिथे रंग उडालेला. सहा वर्षं ती ज्याला घाण म्हणत होती ते सगळं तिथे होतं, जिथे असायला हवं तिथेच. चिमट्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाला, ‘फ्रीझर कुठंय?’

बर्फाचे ट्रे बाहेर काढले तरी हेलिकॉप्टर आत जाईना, त्याचा वरचा पंखा आडवा येत होता. तो म्हणाला, पंखा नुसता खोचलेला असणार, ती असा पंखा चिकटवणारी बाई नव्हे. आणि खरंच तो दोन बोटांनी अलगद निघाला. इतका राग धरून माणसाला एखाद्याच्या हाताची इतकी खात्री असू शकते, हे मला नवीन होतं.

रात्रभर ठेवायचं ठरलं. आज मी रजा टाकली. दहा वाजता फ्रीझर उघडला. चिमट्याने मला सांगितलं, सुरी तू धर, चूक तुझी आहे. मेण कोरायची पातळ सुरी काचेच्या सांध्यात घालायची आणि दाबायची नाही, नुसती विचारत विचारत फिरवायची. एका जागी जोर गेला तर काच जाणार. मी एक कोपरा घेतला, दुसरा घेतला. श्वास रोखला होता, कारण श्वासाची वाफही गार काचेवर बसत होती. तिसऱ्या कोपऱ्याला बारीक ‘टक’ झालं. दोघंही थांबलो. काय फुटलं, काच की गोंद, ते कळेना. मग काच माझ्या तळहातावर होती, अख्खी, आतून पांढरीफटक, पण अख्खी.

मी इथेच थांबायला हवं होतं. पण आनंदात काड्यापेटी उघडली आणि चिमट्याला डोकी दाखवली. त्याने भिंगातून एकेक पाहिलं. काउंटरच्या पलीकडून त्याने काकांचा चेहरा वर्षानुवर्षं पाहिलेला. नवव्या डोक्यापाशी तो थांबला. म्हणाला, ‘हेच की. आणि हे पिवळं कुठंय?’ मीही पाहिलं. मलाही पिवळं दिसेना. म्हणालो, तिला जास्त कळतं. मग ते नववं डोकं काकांच्या खांद्यावर कसं दिसतं ते फक्त बघावं, न लावता, असं माझ्या मनात आलं. मी ते चिमट्यात धरून वर नेलं आणि ते उडालं.

कुठे गेलं ते कुणी पाहिलं नाही. आवाज आला नाही. दहा डोकी आहेत, नववं नाही. आणि ‘तेच आहेत’ असं तिने फक्त नवव्यापुढे लिहिलंय. चिमटा लगेच त्याच्या घरी गेला, त्याला काम होतं. मी तेव्हापासून एकटाच जमिनीवर आहे. टॉर्च फरशीला समांतर धरायचा, म्हणजे बारीक वस्तूचीही लांब सावली पडते. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला काकांचा पातळ मोजा ताणून बांधलाय, जे ओढलं जाईल ते मोज्यावर अडकावं. आतापर्यंत सापडलं ते: एक शर्टाचं बटण, तीन स्क्रू, एक खरा दात. दाताबद्दल मी काही विचारणार नाही. कंस संपला.)

आणि हो, मावशी, पाकिटाबरोबर तू मागितलेला मोबाईलचा चार्जर पाठवलेला नाही, तो सापडला नाही. मी खूप शोधलं. जमिनीवर पडून शोधलं. शनिवारी तू अकराला येशील तेव्हा मी स्टेशनवर असेनच. घाई करून येऊ नकोस. रविवारी आलीस तरी चालेल. सोमवारी तर फारच छान. डोळ्याला विश्रांती महत्त्वाची. दादाला नमस्कार, वहिनींना त्रासाबद्दल आधीच क्षमा मागतो.

तुझा,
धांदऱ्या

ता. क. – (वहिनी, शनिवारऐवजी सोमवार, हे तुम्ही तुमच्या तोंडाने तिला सुचवाल का? खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र. कुरियरवाला पाच वाजता येतोय.)

आणखी ता. क. – दुपारचे तीन. आत्ता वहिनींचा फोन आला. मावशी, तुझी पट्टी मंगळवारीच काढली म्हणे, आणि काल तू पेपर स्वतः वाचलास, शेवटच्या पानावरच्या जाहिरातींसकट, चष्म्याशिवाय. टपाल आता तू स्वतःच उघडतेस आणि कुणाला हात लावू देत नाहीस, असंही कळलं. म्हणजे हे पत्र आत्ता तुझ्या हातात आहे आणि कंस तू वाचलेलेच आहेस. बहुधा आधी कंसच वाचलेस. आठ पानं पुन्हा लिहायला वेळ नाही. तेव्हा उरलेलंही सांगून टाकतो. चिमटा घरी गेलेला नाही. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पालथा पडलाय आणि म्हणतोय की त्याची कंबर आता सरळ होणार नाही. पेन मागतोय.

बाई, डोकं मुलाच्या हातून उडालं नाही, माझ्या चिमट्यातून उडालं. चाळीस वर्षांत पहिलं. त्याला बोलू नका. दुकानात सांगू नका. बोटीबद्दल मी बोललो ते बोटीबद्दल खरं होतं. हेलिकॉप्टरमध्ये मला बोलायला जागा ठेवलेली नाही.

मावशी, पुन्हा मी. त्याने हे एवढं लिहायला पंधरा मिनिटं घेतली.

शेवटचा ता. क. – पावणेपाच. कुरियरवाला खाली हॉर्न वाजवतोय, म्हणून भराभर लिहितो. चिमटा म्हणाला, डोकं मिळेल तेव्हा मिळेल, निदान काच तरी पूस. तुझ्या खणातली कवळ्यांना चकाकी आणायची पेस्ट घेतली (विचारलं नाही) आणि कान साफ करायच्या कापूसकाडीने तासभर आतून गोल गोल घासत बसलो. पांढरं हळूहळू गेलं. किती गेलं ते बघायला काच हेलिकॉप्टरवर नुसती टेकवली आणि खिडकीकडे धरून डोळा लावला.

आतून काका बघत होते.

नववं डोकं त्यांच्याच खांद्याच्या आणि दाराच्या मधे जाऊन टेकलं होतं, जरा कलतं, ड्यूटीवरून आल्यावर खुर्चीत डुलकी काढायचे तसं. आम्ही दोघं पाच तास फरशी चाटत होतो आणि आत कुणी बघितलंच नाही. चिमट्याला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं नव्हतं तेव्हा मी पांढऱ्या प्रायमरवरून गिऱ्हाइकांशी भांडायचो, पिवळा का लावता म्हणून. पिवळं डबीत नव्हतं.’ मावशी, ऐक. अकरापैकी एकही डोकं पिवळं नाही. आम्ही सगळी खिडकीत ठेवून पाहिली. कावीळवालंसुद्धा ठणठणीत आहे.

तेव्हा सोमवार विसर, शनिवारीच ये. नववं डोकं मी बाहेर काढलेलं नाही, चिमट्यालाही काढू दिलेलं नाही. काचही चिकटवलेली नाही. तू सकाळच्या उजेडात आधी नव्या डोळ्याने बघ, मग बारावं करायचं की नाही ते ठरव. चिमटा विचारतोय, तेव्हा तोही असला तर चालेल का. मी हो म्हणून टाकलंय. तुझ्या खुर्चीवर बसणार नाही.

फक्त कितीही उकडलं तरी पंखा लावू नकोस. दिव्यावर मी पाचवी चिठ्ठी लावलीय, एकट्या तुझ्यासाठी.